रूलबुकात मृग नसतो

मेहकरहून लोणारकडे जाणाऱ्या रस्त्याला माझ्या एका मित्राचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ट्रॉल्या, पेरणी यंत्रं, ग्रिल, शटर, येईल ते काम. शाळा दहावीपर्यंत, पुढचं शिक्षण होल्डर हातात धरून. त्याची भाची विदर्भातल्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिथल्या ‘बाहा’ टीममध्ये आहे. ती आजोळी आली की दोघांचं एकाच विषयावरून वाजतं. इंजिनिअरिंगच्या पोरांनी वर्षभर खपून स्पर्धेसाठी गाड्या नि रोबो बनवावेत, यात काही हशील आहे का? गेल्या दिवाळीत मी दोघांच्या मधे सापडलो. निवाडा करायची माझी ऐपत नाही, पण मधे तोंड घालायची खोड आहे, तेव्हा ऐकलेलं सांगताना माझंही थोडं येईल.

बाहा म्हणजे काय ते आधी. अमेरिकेत साउथ कॅरोलिना विद्यापीठात १९७६ साली सुरू झालेली ही स्पर्धा. आपल्याकडे एसएई इंडिया या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेनं ती २००७ पासून मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला भरवली. एक माणूस बसेल अशी, दगडधोंड्यांतून आणि चिखलातून जाणारी गाडी विद्यार्थ्यांनी स्वतः आखायची, स्वतः बांधायची. पेट्रोल गटात इंजिन सगळ्यांना सारखंच, दहा हॉर्सपॉवरचं. ब्रेक लागतो का, चढ चढते का, वळते कशी, हे सगळं तपासून झालं की शेवटी चार तासांची ‘एन्ड्युरन्स’, म्हणजे गाडी मोडेपर्यंत पळवायची.

मामा: चार घंटे पळवाची, अन् मंग? मंग काय करता त्या गाडीचं?

भाची: कॉलेजातच असते.

मामा: असते म्हंजे शेडच्या मागं. तुयी अ‍ॅडमिशन कराले आलतो तवा पाह्यली म्या. दोन सांगाडे, गंजून लाल. एकाचे टायर काढून दुसऱ्याले लावेल, अन् दुसऱ्याचं स्टेअरिंग गायब. तेवढ्या पैशात माझ्या इथं दोन ट्रॉल्या होतात. त्या ट्रॉल्या वीस वर्षं सोयाबीन वाहतात.

भाची: मामा, ती गाडी वाहायला नसतेच. ती बनवताना आम्ही काय शिकलो, ते बघा ना.

मामा: तेच तं इचारतो. काय शिकल्या?

गंजलेला सांगाडा हा माझ्या मते मामाचा सगळ्यात कच्चा मुद्दा. पाटीवरचं गणित पुसलं म्हणून ते वाया गेलं असं आपण म्हणत नाही. पण त्याचा पुढचा प्रश्न कच्चा नव्हता.

मामा: ते पाइप वेल्डिंग कोनी केलं? पोरायनं केलं का कोन्या वर्कशॉपवाल्यानं? खरं सांग बाई.

भाचीनं खरं सांगितलं. मागच्या टीमनं चासी बाहेरून करून घेतली होती. सगळेच करतात असं नाही, पण बरेच करतात. पुण्याच्या टीमला चाकण-भोसरीत हाक मारली की लेथवाला, लेझर कटिंगवाला, टिग वेल्डर हजर. विदर्भातल्या कॉलेजांना साधा नियमातला पाइप मिळवायचा तरी पुण्याचा फोन. भाचीच्या टीमचा पाइप समृद्धी महामार्गावरून ट्रॅव्हल्सच्या टपावर आला.

भाची: यंदा वेल्डिंग मी केलं. आणि पाइप कसलाही चालत नाही बरं का. गाडी उलटली तरी ड्रायव्हरचं डोकं वाचावं म्हणून जो पिंजरा असतो, रोल केज, त्याचा पाइप बाहेरून २५ मिलिमीटर, जाडी ३ मिलिमीटर, आणि स्टीलमध्ये कार्बन किमान ०.१८ टक्के. याहून वेगळा वापरायचा तर तेवढाच मजबूत आहे हे आकडेमोड करून सिद्ध करायचं. कारखान्याचं सर्टिफिकेट दाखवावं लागतं. ड्रायव्हर पट्टे सोडून पाच सेकंदांत बाहेर आला पाहिजे. एवढं सगळं झालं की टेक, म्हणजे तांत्रिक तपासणी, क्लिअर. टेक नाही तर गाडी ट्रॅकवर नाही, मग दिसायला कितीही देखणी असो.

मामा: पाच सेकंद? माझ्या ट्रॅक्टरवाल्याले उतराले पाच मिनिटं लागतात.

आणि मग तिनं पिशवीतून दोन तुकडे काढले. तीस अंशांच्या कोनात जोडलेले दोन पाइप, आणि तो सांधा लांबीतून सरळ मधोमध चिरलेला. चिरलेला भाग पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केलेला. स्पर्धेचा नियम असा की जो हात पिंजरा वेल्ड करणार, त्याच हातानं दोन नमुने करायचे. एक तुटेपर्यंत ताणायचा, दुसरा चिरून आत बघायचा. वितळलेली धातू सांध्याच्या मुळापर्यंत मुरली आहे की नुसती वर बसली आहे, ते चिरल्याशिवाय कळत नाही.

मामानं तुकडा उन्हात धरला, चष्मा कपाळावर सरकवून फिरवून फिरवून पाहिला. बराच वेळ काही बोलला नाही.

मामा: वरून मनी सारखे नाई पडले. हात हालला तुया.

भाची: हलला. पण आत बघा.

मामा: आत बरं हाये.

भाची: आता तुम्ही एक करा.

गड्यानं दोन तुकडे कापून दिले, मामानं बारा नंबरचा रॉड लावला आणि सांधा घेतला. काय सांधा होता! एकसारखे मणी, जणू कोणी ओवून ठेवलेत. पोरीनं तो थंड होऊ दिला, व्हाइसमध्ये धरला आणि कटिंग मशीननं उभा चिरला. मग कागदानं घासला. मुळाशी, पाइपाच्या कडेला, केसाएवढी काळी रेघ होती. तिथं दोन्ही पाइप एकमेकांना भिडलेच नव्हते.

मामा: लाइन कमी होती.

भाची: असेल.

मामा: असेल काय, होती! अन् आयक, म्या आजवर माझं वेल्डिंग कधी कापून पाह्यलं नाई, कारन कापाची गरजच नाई पडली. माझं वेल्डिंग रस्ता तपासते. तीन टन माल घेऊन ट्रॉली डोनगावच्या रस्त्यानं रोज जाते. वर्षानुवर्षं जाते.

भाची: रस्ता तपासतो तेव्हा मागं कोणी बसलेलं असतं, मामा. आम्ही कोणी बसायच्या आधी तपासतो.

इथं मामानं गड्याला चहा आणायला पाठवलं, म्हणजे मुद्दा लागला होता.

चहा येईस्तोवर त्यानं दुसरी बाजू उघडली. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांची गोष्ट. त्यांनी भंगारातून, दुचाकीचे भाग वापरून, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. तिचा व्हिडिओ गावोगाव फिरला, आनंद महिंद्रांनी पाहिला, आणि २०२२ च्या जानेवारीत त्या जीपच्या बदल्यात लोहारांना नवी बोलेरो मिळाली. मामाच्या मोबाइलमध्ये तो व्हिडिओ अजून आहे.

मामा: कोनत्या कॉलेजात गेलते ते? कोनतं रूलबुक होतं? पोराची हौस म्हून बनवली, अन् चालवून दाखवली.

भाची: आणि महिंद्रांनीच तेव्हा काय म्हटलं होतं? नियमांत बसत नाही म्हणून प्रशासन ती गाडी आज ना उद्या थांबवेल. म्हणून तर बदल्यात बोलेरो. लोहारकाकांचं डोकं आमच्या अख्ख्या टीमपेक्षा जास्त चालतं, मान्य. पण ती जीप रस्त्यावर येऊ शकत नाही, ही पण त्याच गोष्टीतली अर्धी बाजू आहे ना?

मामा: तुयी तरी कुठं येते रस्त्यावर?

भाची: नाही येत.

मामा: मंग बराबर झालं.

मला विचाराल तर बरोबरी झाली नव्हती. लोहारांची जीप लोहारांपाशी सुरू होते आणि तिथंच संपते. नियमावलीत बांधलेली गाडी कितीही गंजली तरी तिचा हिशेब कागदावर राहतो: कोणता पाइप, का, कितीला पडला. बाहात गाडी वेगवान असून भागत नाही. ती किती खर्चात होईल याचा अहवाल द्यावा लागतो, डिझाइन परीक्षकांपुढे उभं राहून सोडवून सांगावं लागतं, आणि जणू कंपनीला विकायची आहे अशा थाटात मांडावी लागते. आपल्या जिल्ह्यातल्या मुलामुलींना गणित येतं, पण चारचौघांत ‘हा निर्णय मी घेतला, कारण...’ हे वाक्य बोलायची सवय नसते. ती सवय मला या पोरीत दिसली. दोन वर्षांपूर्वी ती पाहुण्यांसमोर स्वयंपाकघरातून बाहेर येत नसे.

पण मामाची खरी तक्रार पैशाची नव्हती, वेल्डिंगचीही नव्हती. ती चहानंतर बाहेर आली.

मामा: मले एक सांग. हे पेपर सेट कोन करते? अमेरिकेत जंगल हाये, वाळवंट हाये, तिकडच्या पोरायले तिथं गाडी उडवाची हौस. तुमी इथं तोच पेपर सोडवू राह्यले. मेहकरात कोनाले पायजे तशी गाडी?

भाची: सगळेच पेपर बाहेरचे नसतात. रोबोकॉनचं घ्या. आशिया-पॅसिफिक देशांची स्पर्धा, २००२ पासूनची. यजमान देश खेळ ठरवतो. २००८ साली पुण्याला झाली तेव्हा विषय काय होता, माहितीये? दहीहंडी. रोबोंनी हंडीतलं लोणी काढायचं. आणि २०२२ ला दिल्लीकडे यजमानपद होतं तेव्हा लगोरी. एका रोबोनं चेंडू मारून लगोरी पाडायची, दुसऱ्यानं रचायची.

मामा: लगोरी?

भाची: लगोरी.

मामा: अन् दहीहंडी कोन जिंकलं? आपले गोविंदा?

भाची: चीन.

मामा किती वेळ हसत होता! मग डोळे पुसून म्हणाला, की आता लगोरी खेळायला पोरं मिळत नाहीत म्हणून रोबो आणले असतील. त्याला हे दाखले पटले नाहीत, आणि खरं सांगायचं तर मलाही फारसे पटले नाहीत. खेळ आपला घेतला तरी प्रश्न आपला होत नाही. लगोरी रचणाऱ्या रोबोत सेन्सर, न्यूमॅटिक्स, प्रोग्रॅमिंग सगळं कसाला लागतं, पण त्यातून कोणाची अडचण सुटत नाही, आणि ती सुटावी असं कोणी म्हटलेलंही नसतं. सरकारी खात्यांचे प्रश्न घेऊन २०१७ पासून स्मार्ट इंडिया हॅकेथॉन चालते, तिचा विषयही निघाला. सॉफ्टवेअर गटात सलग छत्तीस तास बसून उत्तर काढायचं असतं हे ऐकल्यावर मामानं एवढंच विचारलं, की सदतिसाव्या तासाला काय होतं? भाचीनं ते उत्तर पुढं ढकललं.

मामाचा स्वतःचा दाखला हिवरा आश्रमाचा होता. मेहकर तालुक्यातल्या या विवेकानंद आश्रमात जयंतीच्या उत्सवाला लाखोंची पंगत बसते आणि पुरी-भाजी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून रांगारांगांनी वाढली जाते. किती ट्रॉल्या, कोणत्या रांगेतून, कोणी कुठं वळायचं, रिकामी ट्रॉली कुठून बाहेर काढायची, हे सगळं गावातली माणसं ठरवतात. मामा म्हणतो, यापेक्षा मोठं इंजिनिअरिंग दाखव, आणि याला मार्क कोण देतं ते पण सांग. भाची म्हणाली, मार्क नाहीत म्हणून ते कुठल्या पुस्तकात नाही, आणि दुसऱ्या गावाला करायचं तर पहिल्यापासून शिकावं लागेल. हे दोघंही बरोबर बोलत होते आणि दोघांनाही ते आवडत नव्हतं.

मग तिनं ‘तिफण’ काढली.

एसएई इंडियाचीच ही दुसरी स्पर्धा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात भरते, विद्यार्थ्यांना शेतीचं यंत्र बनवायला सांगते. कांदा काढणीचं, भाजीची रोपं लावायचं, असे विषय तिच्यात येऊन गेलेत. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून नाव तिफण केलंय. नावावर मामाचा विश्वास बसेना, म्हणून तिनं मोबाइलवर पोस्टर दाखवलं.

मामा: हे बरं हाये. हे काहून नाई करत तुमी? कांदा काढनी चांगली गोष्ट हाये. वावर कोनाचं असते?

भाची: विद्यापीठाचं. तयार केलेलं.

मामा: तयार केलेलं म्हंजे वापसा पाहून, ढेकळं फोडून?

भाची: अर्थात. सगळ्यांना सारखी संधी मिळायला हवी ना.

मामा: पाऊस सगळ्यायले सारखा पडते का? हे पाय, माझ्याकडं जूनमधी येनारी यंत्रं कोनती? पेरनी यंत्र. अन् बिघाड काय? काहीच नाई. फनाच्या मागची नळी चिखलानं बुजते. वर पेटीत बी फिरू राह्यलं, आवाज येऊ राह्यला, ट्रॅक्टरवाला समोर पाहू राह्यला. खाली दानाच पडत नाई. चार-सहा तासं कोरी जातात. कवा कळते? आठ दिवसानं, उगवल्यावर. सोयाबीनची ती वेळ गेली का गेली. मंग कोनी डोबून घेते, कोनी तसंच ठेवते. याच्यावर घ्या ना स्पर्धा.

भाची गप्प झाली. या वादात ती पहिल्यांदाच गप्प झाली होती, आणि तिचं गप्प होणं हरल्यासारखं नव्हतं. गड्यानं आतून एक जुनी नळी आणून दिली. रबरी, पारदर्शक होती कधीकाळी, आता मातीनं पिवळी. तिनं ती डोळ्याला लावून आरपार पाहिली.

भाची: नळीच्या एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी, समोर सेन्सर. दाणा पडला की किरण क्षणभर तुटतो. दोन-तीन सेकंद तुटलाच नाही तर बझर. परदेशी प्लँटरवर असले सेन्सर असतातच. आपल्या यंत्राला सगळ्या नळ्यांचे मिळून फार खर्च येणार नाही.

मामा: अन् धूळ बसली तं? किरन तुटेलच राहील. तुयं यंत्र म्हनेल दाना पडू राह्यला.

भाची: हो... मग दाणा पडल्याचा टकटक आवाज पकडायचा. नळीला चिकटवलेला पिझो.

मामा: ट्रॅक्टरच्या हादऱ्यात?

भाची: तपासावं लागेल.

मामा: कवा तपासशील?

इथं गाडी अडली. तपासायचं तर मृगात, पाऊस पडल्यावर, खऱ्या पेरणीत. मृग निघतो ७-८ जूनला. विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा मे-जूनमध्ये. स्पर्धांचे अंतिम सामने सहसा हिवाळ्यात नाहीतर उन्हाळ्याच्या तोंडाशी, कारण ते कॉलेजांच्या वेळापत्रकात बसतात. टीममधली शेवटच्या वर्षाची मुलं, ज्यांना सगळ्यात जास्त येतं, ती जूनमध्ये टीममधून जातात आणि पुण्या-बंगळुरूच्या वाटेला लागतात. इंजिनिअरिंगचं वर्ष आणि शेताचं वर्ष नेमकं जूनमध्ये एकमेकांकडे पाठ करून उभं असतं. स्पर्धांवर टीका करणारे पैसा, सर्टिफिकेट, बाहेरून केलेलं वेल्डिंग यावर बोलतात. मला हा तारखांचा घोळ त्याहून मोठा वाटतो, कारण प्रामाणिक टीमही त्यातून सुटत नाही.

कोणी सुटलंच नाही असं मात्र नाही. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ उपग्रह आठवा. वजन किलोभराच्या आत-बाहेर, २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ वरून श्रीहरिकोट्याहून गेला. काम सुरू झालं होतं २००८ मध्ये. ज्यांनी पहिली आकृती काढली ते उपग्रह उडाला तेव्हा कधीच नोकरीला लागलेले होते. कामाची वही एका बॅचनं दुसरीच्या हातात दिली म्हणून तो उडाला. ती काही स्पर्धा नव्हती, बक्षीस नव्हतं, आणि बहुधा म्हणूनच आठ वर्षं थांबता आलं. मी हे सांगितलं तेव्हा मामा म्हणाला, उपग्रहाले मृग नसते. ते खरंच आहे, पण भाचीनं त्यातलं तिच्या कामाचं तेवढं उचललं.

भाची: दुसऱ्या वर्षाची मुलं पाठवली तर? त्यांना अजून दोन जून मिळतात.

मामा: त्यायले काय येते?

भाची: मोजायला येतं. आधी मोजायचंच आहे. किती नळ्या बुजतात, किती वेळानं कळतं. बनवायचं नंतर.

मामा: अन् कोन्या शेतकऱ्याच्या पेरनीवर शिकनार तुमी? बियानं उगवलं नाई तं दुबार पेरनी. दुबार पेरनीचे पैसे तुयी टीम देईन?

भाची: पेरणीला हात लावणारच नाही आम्ही. यंत्र त्यांचं, बी त्यांचं, ट्रॅक्टर त्यांचा. आम्ही नळीला बाहेरून फक्त सेन्सर बांधणार. तो बंद पडला तर आवाज येणार नाही, बस. आज तरी कुठं येतो?

मामानं नळी तिच्या हातातून घेतली, तोंडाला लावून फुंकली, आतली माती गड्याच्या अंगावर उडाली.

मामा: मंग चालते. दोघं-तिघं देईन मी तुले, माझं आयकनारे. पन बझर खोटा वाजला, अन् त्यानं उतरून पाह्यलं अन् दाना पडू राह्यला होता, तं तो तिसऱ्यांदा उतरनार नाई. वायर उपटून फेकून देईन.

भाची: किती वेळा खोटा वाजलेला चालेल?

मामा: एकरात एकदा.

तिनं वहीत लिहिलं: एका एकरात जास्तीत जास्त एक खोटा इशारा.

मामा: अन् लिहूच राह्यली तं हेही लिही. यंत्र अकरा महिने गोठ्यात पडून राह्यते. वायर उंदरानं खाल्ली नाई पायजे. अन् तुमचं ते टेक काय म्हंते, ते मी करीन. मेच्या शेवटल्या हप्त्यात आना. पाऊस पडल्यावर आले तं मले येळ नाई.